मधुमेहाची पेरणी केव्हा होते?

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी आहेत. एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांपैकी कोणालाही लठ्ठ म्हणता येणार नाही. दोघांचा ‘बॉडी मास इंडेक्स’ काढला, तेव्हा तोही अगदी एकच आला : २२.३.

हा अंक काढणे सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. साधारणपणे अंक १८.५ पेक्षा कमी आला तर माणूस कृश आणि २५ च्या वर गेला तर स्थूल समजतात. तेव्हा या मापाने दोन्ही डॉक्टर सारखेच निरोगी ठरले. मग त्यांच्या शरीरातील चरबी क्ष-किरणांच्या यंत्राने मोजण्यात आली. युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबीचे प्रमाण निघाले ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजन-उंचीचा हिशेब सारखा, पण एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी. दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर ‘वाय’ असल्यामुळे या कोड्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नावही मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याचे डॉक्टर शहरात बसून काम करणारे. त्यांनी रोज पर्वती चढावी, चरबी उतरेल! इतकेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ही लपलेली चरबी कोठून येते याचा शोध घेत संशोधक पुण्याबाहेर चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या कोरडवाहू गावांत गेले. तेथे त्यांना जे दिसले त्यामुळे मधुमेह टाळण्याची सुरुवात कोणत्या वयात करायची, हा प्रश्नच नव्याने मांडावा लागला.

वजनाच्या जुन्या वह्या

या कथेचे एक टोक इंग्लंडमध्ये आहे. तेथील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी सुइणी आणि आरोग्यसेविकांना एक शिस्त लावून दिली होती. प्रत्येक बाळाचे जन्मतःचे वजन लिहायचे आणि ते वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन करून तेही लिहायचे. त्या वेळी बर्नसाइडबाईंना बाळांच्या मृत्यूंची काळजी होती. आपल्या वह्या पुढे कोणाच्या उपयोगी पडतील याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते.

या वह्या टिकल्या. १९८० च्या दशकात साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या अभ्यासायला घेतल्या. वह्यांतील बाळे आता साठीच्या पुढची माणसे झाली होती. त्यांना शोधून काढून तपासले, तेव्हा जी जन्मतः व पहिल्या वर्षी वजनाने कमी होती, त्यांच्यात म्हातारपणी हृदयविकार आणि मधुमेह अधिक आढळला. मधुमेहाविषयीचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्कर आणि त्यांचे सहकारी हेल्स यांनी पुढच्याच वर्षी त्याचे एक स्पष्टीकरण मांडले. आईच्या पोटात अन्न कमी पडले, तर गर्भ काटकसरीने संसार करतो. मेंदूला आधी वाढतो आणि स्वादुपिंड, स्नायू, यकृत यांच्या वाट्याला उरलेले येते. असे बाळ पुढेही कमी अन्नावर वाढले तर फारसे बिघडत नाही. परंतु त्याला नंतर भरपूर खायला मिळाले, की जन्मतः लहान राहिलेले स्वादुपिंड पुरे पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आल्यावर तपासली गेली. त्यांच्या रक्तातही साखर आवरण्याची क्षमता कमी आढळली. पुण्यात के. ई. एम. मध्ये जन्मलेली मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासण्यात आले. जी मुले जन्मतः हलकी होती, त्यांच्या रक्तात अर्ध्या तासाने ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही अधिक होती. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांची मुले म्हणजे बालवाडीतली! साठीच्या इंग्रजांत जे आढळले होते त्याची खूण येथे इतक्या लवकर दिसत होती.

पण या अभ्यासात एक उणीव होती. बाळाचे वजन ठाऊक होते, आईविषयी मात्र फारच थोडी माहिती होती. ती गरोदरपणी काय खात होती? किती काम करीत होती? आणि गरोदर होण्यापूर्वी तिची प्रकृती कशी होती? या प्रश्नांची उत्तरे जुन्या वह्यांतून मिळणार नव्हती. त्यासाठी नवी वही उघडायला हवी होती.

सहा गावांची वही

ती वही पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये उघडण्यात आली. ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. के. ई. एम. रुग्णालयाचा मधुमेह विभाग, आहाराच्या मोजमापासाठी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव आणि साउदॅम्प्टनहून डॉ. कॅरोलाइन फॉल अशी ही भागीदारी होती. ग्रामीण भागात जाण्याची सवय या रुग्णालयाला आधीपासून होती. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ पासून शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते आणि गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती देता येते, हे दाखवून दिले होते.

अभ्यासाची योजना अशी होती. सहा गावांतील पंधरा ते चाळीस वर्षांच्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद करायची. कार्यकर्त्यांनी दर महिन्याला प्रत्येकीच्या घरी जायचे आणि पाळी कधी आली ते विचारून लिहायचे. दर तीन महिन्यांनी उंची, वजन, दंडाचा घेर मोजायचा. पाळी चुकली की सोनोग्राफी करून गर्भाचे वय निश्चित करायचे. मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहार, काम आणि रक्त यांची तपासणी करायची. बाळ जन्मले की बहात्तर तासांच्या आत, ते जेथे असेल तेथे जाऊन, त्याचे माप घ्यायचे.

वाचायला हे सोपे वाटते. परक्या माणसाने दर महिन्याला उंबऱ्याशी येऊन सुनेची पाळी विचारायची, आणि सासूसमोर! एका महिन्यात दार बंद झाले नाही, दोन महिन्यांत नाही, दोन वर्षांत नाही, याचे श्रेय त्या कार्यकर्त्यांना आणि त्या गावांना आहे. शास्त्रज्ञांची नावे शोधनिबंधावर येतात; पण दर महिन्याची ही पायपीट झाली नसती, तर निबंधात लिहायला काही उरले नसते, असे मला वाटते.

दोन वर्षांत सुमारे आठशे स्त्रियांना दिवस गेले. या माता कशा होत्या? सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलो. आता मघाचे गणित करून पाहा. १.५२ चा वर्ग २.३१; बेचाळीसला २.३१ ने भागले की उत्तर येते सुमारे १८. म्हणजे या गावांतील सरासरी स्त्रीच कृश या वर्गात मोडत होती. अठराव्या आठवड्यात त्यांच्या दिवसभराच्या अन्नातून सुमारे १८०० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. त्यात शेतातले काम, पाणी आणि सरपण होतेच.

चिमट्यात धरलेले बाळ

पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन होते ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा फरक म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा तूट. आपली बाळे लहान असतात, हे कोणत्याही सुइणीने न मोजता सांगितले असते. प्रश्न असा होता की, तूट नेमकी कशात आहे?

यासाठी वापरलेले साधन साधेच होते. ‘कॅलिपर’ म्हणजे एक प्रकारचा चिमटा. कातडीची घडी बोटांत धरून तिला हा चिमटा ठराविक दाबाने लावला, की त्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये कळते. कातडी स्वतः पातळ असते, तेव्हा घडीची जाडी म्हणजे मुख्यतः तिच्याखालची चरबी. दंडाच्या मागे आणि पाठीवर खवाट्याखाली अशी घडी मोजतात. दंडाच्या घेरावरून स्नायूंचा, तर पोटाच्या घेरावरून आतल्या यकृतासारख्या अवयवांचा अंदाज बांधता येतो.

ग्रामीण पुण्यातील ६३१ आणि साउदॅम्प्टनमधील ३३८ बाळांची मापे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उपासमारीविषयीच्या आपल्या साध्या समजुतीला धक्का बसला. अन्न कमी पडले तर चरबी आधी आटेल, असेच आपण म्हणू. प्रत्यक्षात सर्वांत मोठी तूट पोटाच्या घेरात होती आणि दंडातही मोठी तूट होती. डोके त्यामानाने कमी लहान होते. आणि सर्वांत कमी तूट कोठे असावी? खवाट्याखालच्या चरबीत! पुण्याचे बाळ काटकुळे दिसत होते, परंतु त्याच्या अंगाच्या मानाने चरबी भरपूर होती. ‘लॅन्सेट’मधील पुणेकर डॉक्टर तराजूवर सडपातळ आणि आतून चरबीचे, तीच गोष्ट अडीच-पावणेतीन किलोच्या तान्ह्या बाळात दिसत होती. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि ‘थिन-फॅट’ म्हणजे ‘कृश-स्थूल’ भारतीय बाळ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याआधीच, २००२ मध्ये, पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन अधिक असल्याचे आढळले होते.

याचा मधुमेहाशी काय संबंध? जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा भाग इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू उचलतात. स्नायू थोडे असतील तर ग्राहकच थोडे. त्यातून चरबी जास्त असेल तर इन्सुलिनचा हुकूम पेशींना नीट ऐकू जात नाही. मग स्वादुपिंडाला तोच हुकूम मोठ्या आवाजात, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडून, द्यावा लागतो. लहानसे स्वादुपिंड असे किती वर्षे ओरडणार? ते थकले की रक्तातली साखर वाढू लागते.

भाकरीत नसलेले काही

आता आईच्या ताटाकडे वळू. अधिक कॅलरी आणि अधिक प्रथिने खाणाऱ्या मातांची बाळे अधिक मोठी असतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तसा संबंध आढळला नाही. ज्या माता अठराव्या आठवड्यात दूध घेत होत्या, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाज्या व फळे अनेकदा खात होत्या, त्यांची बाळे मात्र मोठी होती. हा निष्कर्ष २००१ सालचा. पोट भरते भाकरीने. पण बाळाच्या वाढीसाठी दूध, पालेभाजी आणि फळ यांतले काहीतरी हवे होते आणि ते ‘काहीतरी’ अगदी थोड्या प्रमाणात लागणारे असावे, असा संशय येऊ लागला. अशा पदार्थांना सूक्ष्मपोषके म्हणतात.

येथे सावध राहायला हवे. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही. ज्या घरात दूध आणि फळे आहेत त्या घरात पाण्याची विहीर असेल, आईची उंचीही जास्त असेल. मोठे बाळ त्यामुळे झाले असेल. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब गणिताने वजा करून पाहिला आणि तरीही संबंध टिकला. परंतु संबंध टिकणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर राहतेच. ते अंतर प्रयोगानेच तुटते.

तसा एक प्रयोग २००६ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला. गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला आणि दुसऱ्या गटाला कांदा-बटाट्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्यांचा. सर्वांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बाळांच्या वजनात खात्रीलायक फरक दिसला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. एका अंड्याएवढे वजन! त्यातही अगदी कृश मातांना हा फायदा मिळाला नाही. विज्ञानातली उत्तरे पुष्कळदा अशी येतात : अर्धा होकार, आणि त्याच्या शेपटीला नवा प्रश्न.

तरी या प्रयोगातील ‘दिवस राहण्यापूर्वी’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. डिंकाचे लाडू तर बाळंतपणानंतर. परंतु गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यातच मिटून पूर्ण होते. म्हणजे पाळी चुकल्याची आईला जेमतेम खात्री पटत असते तेव्हा. स्वादुपिंडासह बहुतेक अवयवांची मांडणी पहिल्या दोन-तीन महिन्यांत होऊन जाते. कौतुकाचे ताट येते तेव्हा पाया भरून झालेला असतो.

आणखी एक गोष्ट सहा गावांच्या वहीतून निघाली, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही, असे माझे मत आहे. कोणती आई दिवसभरात किती कष्ट करते याचे गुण लावण्यात आले होते : शेतावरचे काम, पाणी भरणे, धुणे इत्यादी. कष्टांचे गुण जितके जास्त, तितके बाळाचे वजन कमी आढळले. आहाराचा हिशेब वेगळा करूनही हा संबंध राहिला. याचा सरळ अर्थ असा, की गावात घरोघर नळ येणे हाही आरोग्याचाच उपाय आहे. आणि नळ येईपर्यंत हंडा घरातल्या पुरुषाने उचलला तरी चालण्यासारखे आहे.

दोन मायक्रोग्रॅमचा प्रश्न

मातांच्या साठवून ठेवलेल्या रक्तात सूक्ष्मपोषके मोजली गेली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जवळजवळ दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी होते. त्याचे भावंड फोलेट मात्र कमी असलेली माता अपवादानेच सापडली.

फोलेटच्या शोधाचे मूळ आपल्या मुंबईत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. लुसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापडगिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक प्रकारचा रक्तक्षय फार होता. यीस्टचा अर्क दिला की तो बरा होतो, असे त्यांनी दाखवले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अॅसिड. ते डाळी आणि पालेभाज्यांत असते आणि आपल्या ताटात या दोन्ही गोष्टी असतात. शिवाय १९७० पासून सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या जात आहेत.

ब-१२ ची गोष्ट वेगळी. ते १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी उलगडली. त्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. कोणतीही वनस्पती किंवा प्राणी ब-१२ बनवू शकत नाही. ते काम फक्त जीवाणूंच्या जातीला जमते. गाईच्या पोटातील जीवाणू ते बनवतात, गाईच्या दुधात ते उतरते आणि दुधातून आपल्याला मिळते. अंडी, मासे, मांस यांतही ते असते. ज्वारी-बाजरीत, डाळीत, भाजीत ते नसते. जे कधीच मांसाहार करत नाहीत आणि ज्यांना तो परवडत नाही म्हणून क्वचितच मिळतो, अशा दोघांनाही दुधाचाच आधार. गावात गाय असते, पण तिचे दूध पहाटेच डेअरीच्या किटलीत जाते आणि घरात चहापुरते उरते.

गरज तरी किती आहे? प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम ब-१२ दोन मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने रोज वाटले, तर ते एका माणसाला पाच लाख दिवस, म्हणजे तेराशेहून अधिक वर्षे पुरेल. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ असते.

फोलेट आणि ब-१२ ही जोडी पेशीत एकाच कामाला जुंपलेली असते. एका कार्बन अणूचा लहानसा गट इकडून तिकडे पोहोचवणे हे ते काम. डी. एन. ए. नवा घडवायला आणि कोणते जनुक चालू ठेवायचे, कोणते बंद, याच्या खुणा करायला हा गट लागतो. फोलेट म्हणजे मालगाडी आणि ब-१२ म्हणजे माल उतरवून घेणारे हमाल, असे समजा. हमाल नसतील, तर गाड्या भरलेल्याच फलाटावर उभ्या राहतात; आणखी गाड्या पाठवून उपयोग होत नाही, झालीच तर कोंडी होते.

म्हणूनच २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने बरीच खळबळ उडाली. सहा गावांतली ती बाळे सहा वर्षांची झाली होती. त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक मुले पुन्हा तपासली गेली. ज्यांच्या मातांमध्ये गरोदरपणी फोलेट जास्त होते, त्या मुलांच्या अंगात चरबी अधिक होती. आणि ज्यांच्या मातांमध्ये फोलेट जास्त पण ब-१२ कमी होते, त्या मुलांच्या पेशी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होत्या. यावरून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या वाईट, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष त्या टाळतात, हे १९९१ मध्येच प्रयोगाने सिद्ध झाले आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नसते. प्रश्न जोडीदाराचा आहे.

अठरा वर्षांनंतर

मुले वाढत होती आणि वही चालूच होती. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली. अठराव्या वर्षी सहाशेहून अधिक तरुण-तरुणींची ग्लुकोज पाजून चाचणी घेतली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तात साखर प्रमाणाबाहेर होती. बहुतेकांचा मधुमेह अजून सुरू झालेला नव्हता, पण ते त्याच्या उंबऱ्यावर होते. अठरा वर्षांची, शेतकरी घरातली, आणि बहुतेक अंगाने सडपातळ मुले ही! यांना कोणत्याही शिबिरात ‘वजन कमी करा’ असे सांगून काय उपयोग होणार होता? जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा यांच्यातील साखर सहाव्या वर्षापासूनच इतरांपेक्षा किंचित वर असल्याचे दिसले. आणि गरोदरपणी ज्या मातांची साखर थोडी अधिक होती, त्यांच्या मुलांना धोका जास्त होता.

याचे गांभीर्य कळायला देशाचा आकडा पाहावा लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबऱ्यावर आहेत. मधुमेहाचे औषध जन्मभर घ्यावे लागते. डोळे, मूत्रपिंड, पाय यांची निगा राखावी लागते. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नात हे बसणे कठीण. तेव्हा गावासाठी रोग टाळणे हाच स्वस्त मार्ग.

मग टाळण्याचा प्रयत्न कोणापासून सुरू करायचा? गरोदर स्त्रीपासून सुरू केले तर उशीर होतो, हे वर आलेच आहे. संशोधकांनी ठरवले, की त्या सहा गावांतल्या त्याच मुलामुलींपासून सुरू करायचे, कारण आता उद्याचे आईबाप तेच होते. २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, दुसऱ्याला ब-१२ आणि त्याबरोबर इतर अनेक सूक्ष्मपोषके, आणि तिसऱ्याला दिसायला तशीच पण यांतले काहीही नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नव्हते. मुलींनी ही गोळी लग्नानंतर, बाळंत होईपर्यंत घ्यायची होती.

कोणाला केव्हा दिवस जातील हे आधी ठरवता येत नाही, त्यामुळे वाट पाहणे आले. पुढे बाळे जन्मू लागली. ब-१२ घेतलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात ब-१२ अधिक होते. म्हणजे वर्षानुवर्षे घेतलेले ते दोन-दोन मायक्रोग्रॅम बाळापर्यंत पोहोचले होते. ही बाळे दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांना खेळणी, चित्रे आणि शब्द यांच्या साहाय्याने तपासले गेले. तेव्हा नुसते ब-१२ घेतलेल्या गटातील मुले समज आणि भाषा यांत पुढे दिसली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

साखरेचा निकाल मात्र इतक्या लवकर लागण्यासारखा नाही. ज्या आजींनी १९९४ मध्ये कार्यकर्त्याला पाळीची तारीख सांगितली होती, त्यांच्या नातवंडांचे वजन, पोटाचा घेर आणि खवाट्याखालची घडी मोजून वहीत उतरवलेली आहे. ही नातवंडे अठरा वर्षांची होतील, तेव्हा त्यांना ग्लुकोजचे पाणी पाजून पाहिले, की तीन गटांत काही फरक पडला का ते कळेल.